पुसलेल्या भिंतीचं पुस्तक

नलिनी मलानी यांच्यावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवा आणि आतलं एकही पान न उलटता नुसती मुखपृष्ठं वाचा. पहिलं २०१० सालचं, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या कलासंग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनाचं. नाव 'स्प्लिटिंग द अदर : रेट्रोस्पेक्टिव्ह १९९२–२००९'. दुसरं २०१७ सालचं, पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या प्रदर्शनाचं. नाव 'द रिबेलियन ऑफ द डेड : रेट्रोस्पेक्टिव्ह १९६९–२०१८'. रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे सिंहावलोकन. सात वर्षांत या सिंहानं मान आणखी तेवीस वर्षं मागे वळवली.

या सात वर्षांत मलानींच्या आयुष्यात १९६९ साल नव्यानं उगवलं नव्हतं. ते आधीपासून होतंच. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकतीच बाहेर पडणारी बावीस-तेवीस वर्षांची ही मुलगी तेव्हा नेपियन सी रोडवर अकबर पदमसींच्या 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये कॅमेरा हाताळत होती. पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. त्या पैशांत त्यांनी स्वतःसाठी वर्षभराचे कॅनव्हास घेतले नाहीत; चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले यांनी एकमेकांची साधनं वापरून बघावीत म्हणून एक जागा उभी केली. मलानींनी तिथे ८ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्मवर काम केलं. 'ड्रीम हाउसेस'मध्ये इमारतीची प्रतिकृती, रंगीत प्रकाश आणि एकेक फ्रेम करत केलेलं चलच्चित्रण आहे. 'ओनॅनिझम'मध्ये पलंगावर एकटी बाई आहे, आणि नावावरून विषय कळतोच. हे १९६९ साली, मुंबईत. पुढे १९७६ पर्यंत 'यूटोपिया' आकाराला आलं. त्यात दोन पडदे शेजारी शेजारी : एकीकडे ती स्वप्नातली घरं, दुसरीकडे उंच इमारतीच्या खिडकीतून खालच्या झोपड्यांकडे बघणारी एक तरुणी.

आता लोझानचं पुस्तक एवढाच ज्याच्याकडे आधार आहे अशा वाचकाचा विचार करा. त्याच्यासाठी मलानी म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर कॅनव्हास सोडून भिंतीकडे, मग नाटकाकडे आणि मग व्हिडिओकडे वळलेली चित्रकार. विशीत कॅमेरा हातात घेतलेली आणि मग साधनं, पैसा, जागा यांअभावी वीस-पंचवीस वर्षं दुसरीकडून वाट काढत राहिलेली बाई त्याला भेटतच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बाईला जगातल्या नव्या वाऱ्याचा स्पर्श होतो. दुसरीत वारा तिच्याकडे आधीपासून असतो आणि शहर खिडक्या बंद करून बसलेलं असतं.

प्रत्येक प्रदर्शनाला कुठेतरी सुरुवात करावीच लागते, हे मान्य. लोझानवाल्यांनी कुठून सुरुवात करायची हा त्यांचा प्रश्न. पण तैलचित्रांच्या बाबतीत पुस्तकानं काही वगळलं तर चित्र कुठल्या तरी भिंतीवर किंवा गोदामात असतं. कधीतरी कुणीतरी ते बाहेर काढतं. जी कला घडते आणि संपते, जी भिंतीवर काढून पुसली जाते, जी प्रोजेक्टर बंद केल्यावर खोलीत उरतच नाही, तिच्या बाबतीत पुस्तकाचा काठ हाच कामाचा काठ होतो. म्हणून अशा कलेवरच्या पुस्तकांकडून मी जास्त मागते. आणि मलानींवरची जी पुस्तकं मी गेल्या काही वर्षांत उसनी घेऊन, वाचनालयात बसून किंवा पदरमोड करून वाचली, त्यांनी यातलं फार थोडं दिलं.

वाद नीट समजावा म्हणून सांगते, माझी तक्रार मलानींबद्दल नाही. १९४६ साली कराचीत जन्म, फाळणीत घर सुटलेलं, मुंबईत शिक्षण, लोहार चाळीत स्टुडिओ, आणि २०२३ साली क्योतो प्राइझ. एवढं सगळं करूनही रस्त्यावरच्या दहा मराठी माणसांना विचारलं तर नाव ठाऊक असलेला एखादाच निघेल. माझी तक्रार त्या नऊ जणांबद्दलही नाही. ती आहे त्यांच्यापर्यंत न पोचण्याच्या बेतानंच लिहिलेल्या पुस्तकांबद्दल.

आधी 'पायोनियर' या शब्दाचं बघू. भारतातल्या व्हिडिओ कलेची पायोनियर, असं विशेषण मलानींना सतत लावलं जातं आणि ते खरंही आहे. पण हा शब्द एक गंमत करतो. एकदा तो लावला की पुढचे प्रश्न बंद होतात. पहिली होती ना, मग झालं. कशावर चित्रित केलं, रीळ कुठे धुतलं, बघायला कोण आलं, त्यातल्या किती जणांना ते कळलं, लोक हसले का, घरच्यांनी काय म्हटलं, पुढची फिल्म का झाली नाही, हे सगळं त्या एका पदकाखाली दडपलं जातं. 'पहिली महिला' या शब्दांनी सुरू होणारी पाठ्यपुस्तकातली पानं आठवा. त्या पानांवरच्या बाया आपल्या लक्षात राहतात का? त्यांचं काय चाललं होतं, हे कळतच नाही. फक्त रांगेत पुढे कोण उभं होतं तेवढं कळतं.

आता पुस्तकं. आंद्रेआस ह्युसेन हे स्मृती आणि इतिहास या विषयांतलं मोठं नाव. त्यांचं छोटेखानी पुस्तक २०१३ साली आलं : 'विल्यम केंट्रिज, नलिनी मलानी : द शॅडो प्ले ॲज मीडियम ऑफ मेमरी'. दक्षिण आफ्रिकेतल्या केंट्रिजच्या सावल्या आणि मुंबईतल्या मलानींच्या सावल्या, तिकडे वर्णभेद आणि इकडे फाळणी, अशी ती जोडी. केंट्रिजचं नाव आधी. (वर्णानुक्रमानं असेल म्हणा.) दोघांना शेजारी ठेवण्यात गैर काही नाही, आणि ह्युसेन हलकं लिहिणारे लेखक नाहीत. पण अशा जोडीचा परिणाम बघा : मलानी वाचकाला कळाव्यात म्हणून त्यांना आधीच प्रसिद्ध असलेल्या एका पुरुषाच्या शेजारी उभं करावं लागतं. त्यांच्याच शहरातल्या, त्यांच्याच पिढीतल्या, त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या शेजारी मात्र त्या क्वचितच उभ्या दिसतात.

मीके बाल यांचं 'इन मीडियास रेस : इनसाइड नलिनी मलानीज शॅडो प्लेज' (२०१६) हे मात्र वेगळं. बाल या डच सिद्धांतकार, आणि स्वतःही व्हिडिओ करतात. त्यांनी मलानींचे सावल्यांचे खेळ एकेक करून घेतले आणि प्रत्येकापाशी मुक्काम ठोकला. प्रेक्षक या कामाच्या समोर नसतो, मधोमध असतो, त्याची स्वतःची सावलीही त्या गर्दीत मिसळते, हा मुद्दा त्या सोडत नाहीत. मला या पुस्तकातून खरंच काही मिळालं. पण ते वाचताना तीन टॅब उघड्या ठेवाव्या लागल्या. एकेका वाक्यात एवढे तत्त्वज्ञ की भिंतीवरच्या सावलीपेक्षा त्यांचीच गर्दी जास्त. आणि किंमत युरोत. मी आयटीत आहे, महिन्याच्या शेवटी पगार येतो, तरी घेताना दोनदा विचार केला. जे. जे.च्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या, सांगलीहून किंवा परभणीहून आलेल्या मुलीनं काय करावं?

ती पीडीएफ शोधेल, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

पण इंग्रजी आणि किंमत या दोन्ही अडचणी उद्या सुटल्या तरी माझा मुख्य आक्षेप उरतोच. ही पुस्तकं कामाचा अर्थ सांगतात आणि काम कसं चालतं ते सांगायला कंटाळतात. माझ्या पहिल्या नोकरीत एक जुनी सिस्टिम आमच्या गळ्यात पडली होती. लिहिणारा माणूस सोडून गेलेला. त्यानं मागे ठेवलेलं डॉक्युमेंट वाचून डोळ्यांत पाणी यावं इतकं सुंदर होतं : हे का बांधलं, यामागचा विचार काय, भविष्यात हे कुठे जाऊ शकतं. फक्त सर्व्हर बंद पडला तर तो चालू कसा करायचा, तेवढं त्यात नव्हतं. मलानींवरचे कॅटलॉग वाचताना मला सतत ते डॉक्युमेंट आठवतं.

सावल्यांचे खेळ नेमके काय असतात? पारदर्शक प्लॅस्टिकचे मोठे दंडगोल छताला टांगलेले असतात. कधी लेक्सानचे, कधी मायलारचे. त्यांच्या आतल्या बाजूनं चित्र काढलेलं असतं, आणि तेही उलट्या क्रमानं. कॅनव्हासवर आपण आधी पार्श्वभूमी रंगवतो आणि शेवटी डोळ्यातला ठिपका देतो. इथे ठिपका आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि मागचं आभाळ सगळ्यात शेवटी. चुकलं तर खोडता येत नाही. काचेवर उलटं चित्र काढायची ही रीत मलानींना भूपेन खक्कर यांनी शिकवली. आपल्याकडे पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचचित्रं बघितली असतील, तीच ही जात. मग हे दंडगोल मोटरवर संथ फिरतात, प्रोजेक्टरचा झोत त्यांच्यातून जातो, आणि भिंतीवर व्हिडिओ आणि रंगीत सावल्या एकमेकांवरून सरकत राहतात. २०१२ साली कासेलच्या डॉक्युमेंटात दाखवलेल्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड'मध्ये सहा व्हिडिओ चॅनेल आणि असे पाच दंडगोल आहेत. लांबी ११ मिनिटं.

कॅटलॉगमध्ये हे एका ओळीत उरकतं : सहा, पाच, ११. त्यानंतर निबंध सुरू होतो आणि निबंधात फाळणी, हिंसा, स्मृती, कसांड्रा, फैझ, महाश्वेतादेवींची द्रौपदी. हे सगळं कामात आहेच, कुणी नाही म्हणत नाही. पण ११ मिनिटांचा आकडा बघून मला पहिला प्रश्न पडला तो वेगळा. व्हिडिओ ११ मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. दंडगोल मात्र आपल्या गतीनं फिरत असतात. मोटरची गती व्हिडिओशी बांधलेली आहे की मोकळी? बांधलेली असेल तर दर ११ मिनिटांनी तीच सावली त्याच चेहऱ्यावर पडेल, आणि हे ११ मिनिटांचं काम आहे. मोकळी असेल तर पाच दंडगोल आणि सहा चॅनेल यांचा तोच मेळ पुन्हा जुळून यायला शाळेतला लसावि काढावा लागेल. मग हे काम कित्येक तासांचं, कदाचित दिवसांचं आहे. एका प्रेक्षकाला जे दिसलं ते दुसऱ्याला दिसलेलंच नाही, आणि कॅप्शनमधला आकडा फक्त फाइलची लांबी आहे. 'इतिहास पुन्हा पुन्हा घडतो' असं या कामाबद्दल बोलायचं असेल तर आधी तो पुन्हा घडतो की दर वेळी थोडा सरकून घडतो, हे मोटरला विचारायला हवं. हा प्रश्न तांत्रिक नाही. अर्थाच्या चर्चेचं ते पहिलं पान आहे.

आणि हे न लिहिण्याची किंमत उद्याच मोजावी लागणार आहे. १९९८ साली पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्यातून मलानींनी 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' केलं, मंटोच्या कथेवरून. १९९९ साली ते मुंबईत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दाखवलं गेलं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक भारतातली आणि एक पाकिस्तानातली, मधली सगळी खोली ओलांडून एकाच साडीची घडी घालायचा प्रयत्न करतात. घडी जमत नाही. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका, त्यांत गोधड्या आणि टीव्हीचे मॉनिटर. पत्र्याची ट्रंक काय असते ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. होस्टेलला जाताना, मुंबईला येताना, गाव सोडताना जी पलंगाखालून निघते तीच.

१९९९ सालचा मॉनिटर म्हणजे काचेचा फुगीर, जड, पाठीमागे कुबड असलेला डबा. तो तापतो. गोधडीत ठेवलेला तापणारा डबा म्हणजे काहीतरी जिवंत लपवून नेल्यासारखं. असे मॉनिटर आता बनत नाहीत. ते बंद पडतील तेव्हा त्या जागी पातळ, थंड एलसीडी ठेवायचा का? ठेवला तर ते काम तेच राहील का? मॉनिटरची जाडी, ऊब आणि आतला निळसर उजेड हा कामाचा भाग होता की १९९९ साली दुकानात तेच मिळत होतं एवढंच? हे मलानी सांगू शकतात. त्या वेळी ट्रंका जमवणारे, वायरी ओढणारे लोक सांगू शकतात. सैद्धांतिक निबंध पन्नास वर्षांनीही लिहिता येईल, तेव्हाचे विद्वान तो लिहितीलच. पण वायरी कुणी आणि कशा ओढल्या हे विचारायची मुदत संपत चालली आहे. संपली की काय होतं त्याचं उदाहरण नेपियन सी रोडवरच आहे : त्याच वर्कशॉपच्या काळात पदमसींनी केलेल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या फिल्मची एकमेव प्रत हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालियांनी त्याच नावाची फिल्म केली आणि त्यात म्हातारे पदमसी ती हरवलेली फिल्म आठवू पाहतात. आठवण्यावर एक नवी सुंदर फिल्म होऊ शकते. मूळ फिल्म परत येत नाही.

शरीरानं करायच्या कामाचं तर याहून वाईट. रुम्माना हुसैन यांनी १९९५ साली एनसीपीएच्या आवारात 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हा परफॉर्मन्स केला. पायांत घुंगरू, हातात अर्धी कापलेली पपई, तोंड उघडं, आणि आवाज नाही. मुंबईच्या दंगलींना तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. १९९९ साली हुसैन गेल्या. आज त्या कामाबद्दल वाचायला गेलं तर पपईचं प्रतीक कशाकशाचं आहे यावर बरंच मिळतं. त्या किती सावकाश चालत होत्या, घुंगरांचा आवाज कुठपर्यंत पोचत होता, बघणाऱ्यांनी वाट करून दिली की बाजूला सरकले, हे विचारायला आता त्या दिवशी तिथे हजर असलेली माणसंच शोधायला हवीत.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. १९९२ साली मलानींनी 'सिटी ऑफ डिझायर्स' केलं, जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर तेव्हा असलेल्या केमोल्ड गॅलरीत. गॅलरीच्या भिंतींवरच थेट चित्र काढलं. लोहार चाळीच्या आसपास रस्त्यावर राहणारी माणसं, आणि नाथद्वाराच्या नष्ट होत चाललेल्या भित्तिचित्रांची आठवण. लोकांच्या देखत, पंधरा दिवस. मग ते सगळं पुसून टाकलं. विकायला काही ठेवलंच नाही. तर प्रतिवाद असा : जिनं मुद्दाम पुसलं तिचं काम जपण्याचा हा हट्ट कशाला? पुसणं हाच तर मुद्दा होता.

पुसणं हाच मुद्दा होता, म्हणूनच. पुस्तकांत 'सिटी ऑफ डिझायर्स' येतं ते भिंतीच्या फोटोंतून. काढलेलं चित्र, अंगभर उजेड पडलेलं, जणू अजून तिथे आहे. म्हणजे जे पुसायचं होतं ते पुस्तकानं जपलं, आणि पुसण्याची क्रिया, जी खरं काम होती, ती एका वाक्यात संपवली. उलट करून बघा. चित्राचे फोटो चार कमी छापले तरी चालतील. पण पंधरा दिवस गॅलरीत रोज कोण येऊन बसायचं, दहाव्या दिवशी भिंत कुठवर भरली होती, पुसायच्या दिवशी गॅलरीतल्या माणसांचे हात कचरले का, हे लिहा. पुसण्याची नोंद ठेवली म्हणून भिंत परत उभी राहत नाही. पुसणं खरंच झालं होतं, एवढंच त्यातून कळतं.

दुसरा प्रतिवाद मला स्वतःला ऐकायला मिळतो : तू कोड लिही, कलेचं कलावाल्यांना बघू दे. यावर फार बोलायची गरज नाही. ज्या कामात मोटर, लूप, चॅनेल आणि सिंक आहे त्याबद्दल बोलायला कलेतिहासाची पदवी लागत असेल, तर कलेतिहासाच्या पदवीधरांना मोटरबद्दल बोलायला लागायला हवं.

तिसरा प्रतिवाद : हे सगळं मराठीत कोण वाचणार? हा प्रश्न विचारणारे लोक प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' विसरतात. मौजेनं १९९० साली काढलेलं हे पुस्तक एका चित्रकारानं मराठीत लिहिलं. वस्तू कॅनव्हासवर येते म्हणजे काय होतं, अवकाश म्हणजे काय, हे त्यांनी कुणा परदेशी तत्त्ववेत्त्याच्या खांद्यावर न चढता, टेबलाशेजारी बसून बोलल्यासारखं सांगितलं. ते आजही वाचलं जातं. चित्र न काढणारेही वाचतात. मराठीला कलेबद्दल नेमकं बोलता येतं, हे सिद्ध करून झालेलं आहे. प्रश्न एवढाच की मराठी लिहिणारे आपण कॅनव्हासपाशी थांबलो. चित्रकाराचं आयुष्य, त्याचं दारिद्र्य, त्याचं व्यसन आणि त्याचे मित्र यांवर आपण तासन्‌तास बोलतो. फिरता दंडगोल दिसला की 'हे आपल्याला कळत नाही बुवा' म्हणून पुढच्या दालनात जातो.

खरं म्हणजे आपल्याला ते कळायला काही अडचण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवत आली आहेत. मलानींनी तिथून काही घेतलं असं मी म्हणत नाही. मी वाचकाबद्दल बोलते आहे. सावली मोठी-लहान कशी होते, बाहुली दिव्याजवळ नेली की काय होतं, गोष्ट सांगणारा आणि बाहुली धरणारा यांचा मेळ कसा बसतो, हे ज्या भाषेला ठाऊक आहे तिला शॅडो प्ले समजून घ्यायला प्लेटोच्या गुहेतून जावं लागत नाही.

आणि लोहार चाळ! जर्मनीत छापलेल्या पुस्तकाला लोहार चाळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं : दाट वस्तीचा बाजार, हातगाड्या, हमाल, फुटपाथवरचे संसार. मराठी पुस्तक हे दोन परिच्छेद वाचवेल, कारण वायर, फिटिंग, पंखा, होल्डर घ्यायला तिथे गेलेला माणूस प्रत्येक घरात सापडतो. त्या वाचलेल्या जागेत ते विचारू शकेल की विजेच्या सामानाच्या बाजारात ज्या बाईचा स्टुडिओ होता तिच्या हातात पुढे दिवे, मोटरी आणि वायरी आल्या, याचा त्या बाजाराशी काही संबंध आहे का. मी उत्तर गृहीत धरत नाही. पण हा प्रश्न विचारणारं पुस्तक त्या गल्लीतून पायी गेलेल्या माणसानंच लिहायला हवं.

तसंच 'मेडियाप्रोजेक्ट'चं. १९९३, मॅक्सम्युलर भवन, हायनर म्युलरची संहिता, अलकनंदा समर्थ मंचावर. दंगली आणि बॉम्बस्फोटांचं ते वर्ष. पुस्तकांतून हे काम मलानींच्या वाटचालीतला एक टप्पा म्हणून येतं : चित्राकडून रंगमंचाकडे. समर्थांच्या बाजूनं कुणी बघितलं तर? लंडनच्या राडामध्ये शिकलेली, मुंबईच्या रंगभूमीवर वाढलेली ही नटी. चित्रकारानं घडवलेल्या त्या जागेत तिचा श्वास कुठे अडकला, कुठे मोकळा झाला, संवाद कुठे मोडले? २०२१ साली त्याही गेल्या. मराठी नाट्यसमीक्षेनं एकेका प्रयोगाच्या प्रकाशयोजनेवर चार-चार पानं लिहिलेली आहेत. ती सवय इथे का वापरली गेली नाही, हे मला समजत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? मोबाइल. मलानींनी सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटानं चित्रं काढून छोटी ॲनिमेशन्स करायला सुरुवात केली आणि ती सरळ इन्स्टाग्रामवर टाकली. जम्मू-काश्मीरमधल्या आठ वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार आणि तिचा खून, त्यातून 'कॅन यू हिअर मी?' हे नाव आलं. २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत अशी ८८ ॲनिमेशन्स नऊ प्रोजेक्शन्समधून विटांच्या भिंतींवर एकाच वेळी धावत होती. त्या दालनात आपण नव्हतो. पण त्यातल्या कितीतरी लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठ्यानं सरकवता येतात. फुकट. जिनं पन्नास वर्षांपूर्वी फिल्म मिळवण्यासाठी दुसऱ्याच्या फेलोशिपची वाट पाहिली, ती आता कुणालाच न विचारता थेट आपल्या खिशात येते.

हे आनंदाचं आहे आणि तितकंच धोक्याचं. ॲप उद्या बंद पडेल, खातं जाईल, नियम बदलतील. या व्यवसायात राहून मी एवढं खात्रीनं सांगू शकते. रिळाची एक प्रत हरवली तर निदान एक प्रत हरवली हे कळतं. फीड नाहीसं होतं तेव्हा आवाजही होत नाही. म्हणजे पुन्हा पुस्तकाकडेच यावं लागणार, आणि या वेळी ते कुणी लिहायचं हे आधी ठरवायला हवं.

ज्यांना ते लिहावंसं वाटतं त्यांच्यासाठी काम काही फार दूर नाही. १९९२ साली केमोल्डमध्ये ती पंधरा दिवसांची भिंत बघितलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. मुंबई-पुण्यातच आहेत, काही व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवत असतील. त्यांना मलानींचं महत्त्व काय असं विचारू नका, ते ठरलेलं उत्तर देतील. भिंतीत खिडकी होती का ते विचारा. चित्र कोपऱ्यात वळत होतं की कोपऱ्यापाशी थांबत होतं? कोळशाचा वास येत होता का? आणि शेवटच्या दिवशी पांढरा रंग मारला तेव्हा काळी रेघ एका हातात झाकली गेली, की दुसरा हात मारावा लागला?